एपिक्युरसचा न्याय आणि सोसायटीतली भांडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किंग, लिफ्टचा खर्च, ढोलांचा सराव, भटकी कुत्री, आईवडिलांना कोणी सांभाळायचं. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत किंवा घरात यातला एक तरी वाद चालू असतोच, आणि दहाव्या वाक्याला तो "तुम्ही माणूस म्हणून कसे आहात" इथे येऊन पोचतो. अशा वेळी मला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस फार जवळचा वाटतो. कोण चांगला, कोण वाईट हे तो बाजूला ठेवतो आणि विचारतो : तुमच्यात ठरलं काय होतं? त्यातून इजा कोणाला होते? आणि जे ठरलं ते आजही एकत्र राहायला उपयोगी पडतं का? आमच्या वाचनगटात आणि ओळखीपाळखीत या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत.

एपिक्युरस म्हणजे "खा, प्या, मजा करा" म्हणणारा ना? त्याचा न्यायाशी काय संबंध?

ही बदनामी त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. आपल्याकडे चार्वाकांचं जे झालं तेच त्याचं झालं. "ऋण काढून तूप प्या" एवढी एक ओळ लक्षात ठेवून लोकांनी अख्खं दर्शन निकालात काढलं.

एपिक्युरस इसवी सन पूर्व ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला. ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि मित्रमंडळींसह तिथे राहून तो शिकवू लागला. त्या बागेत स्त्रिया होत्या आणि गुलामही होते. त्या काळच्या अथेन्समध्ये ही मोठी गोष्ट होती. खाणंपिणं बेताचं. एका पत्रात तो मित्राला थोडं चीज पाठवायला सांगतो, म्हणजे कधी चैन करावीशी वाटली तर करता येईल!

सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं, असं तो मानतो. आता ज्याला शेजाऱ्यांची धास्ती आहे, किंवा आपलं काहीतरी उघडकीला येईल अशी भीती आहे, त्याच्या मनाचा घोर जाणार कसा? म्हणून सुखाच्या विचारातून तो थेट न्यायापाशी येतो. त्याची चाळीस प्रमुख वचनं आपल्यापर्यंत पोचली आहेत. त्यातलं पाचवं म्हणतं की शहाणपणाने, सचोटीने आणि न्यायाने वागल्याशिवाय सुखाने जगता येत नाही. ३१ ते ३८ ही वचनं तर पूर्णपणे न्यायावरच आहेत.

मग त्याच्या मते न्याय म्हणजे नेमकं काय?

एकमेकांना इजा करायची नाही आणि एकमेकांकडून इजा होऊ द्यायची नाही, यासाठी माणसांनी आपसात केलेला उपयोगी करार, असं ३१वं वचन सांगतं. ३३वं वचन स्पष्ट सांगतं की न्याय नावाची वस्तू स्वतंत्रपणे कुठे नसते. माणसं जिथे आणि जेव्हा एकमेकांच्या संबंधात येतात, तिथे आणि तेव्हा ती ठरवली जाते. प्लेटोच्या विचाराच्या हे बरोबर उलट आहे.

करार कागदावर असायलाच हवा असं नाही. दुपारी एक ते चार भिंतीत ड्रिल मारायचं नाही, हे आमच्या बिल्डिंगच्या नियमावलीत कुठेही लिहिलेलं नाही. तरी नवीन भाडेकरूने एकदा दोन वाजता ड्रिल लावलं तेव्हा तीन मजल्यांवरची दारं उघडली.

म्हणजे जनरल बॉडीत बहुमताने ठरलं की ते न्याय्य झालं?

नाही. एपिक्युरसबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. "न्याय म्हणजे करार" एवढंच वाचलं की वाटतं, हात वर झाले, ठराव पास झाला, विषय संपला. पण ३७वं वचन वाचा. एखादा नियम कायद्याने न्याय्य ठरवला गेला असला, तरी एकत्र राहण्याच्या गरजेला तो प्रत्यक्षात उपयोगी पडतो का, हे पाहावं लागतं. उपयोगी पडत असेल तरच तो न्याय्य. नसेल, तर कितीही सह्या असल्या तरी नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या काही सोसायट्यांमध्ये लिफ्टशेजारी पाटी असते : घरकाम करणाऱ्यांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट बंद असली तर जिन्याने जावं. ठराव रीतसर, बहुमत मोठं. आता तीन प्रश्न विचारा. हे ठरलं कोणामध्ये? सभासदांमध्ये. ज्यांच्यावर नियम लागू आहे त्या बाईंना कोणी विचारलं? कोणीच नाही. इजा कोणाला होते? सकाळपासून चार घरची धुणीभांडी करून आठव्या मजल्यावर पायी चढणाऱ्या बाईंच्या गुडघ्यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या मानाला. आणि त्या बाई पुढच्या लिफ्टमधून गेल्याने सभासदांना कोणती इजा होत होती, जिच्यापासून हा नियम त्यांचं रक्षण करतो? मला तरी अशी एकही सांगता येत नाही.

तेव्हा हा नियम कधी न्याय्य होता आणि आता राहिला नाही, असंही म्हणता येत नाही. तो एका बाजूने दुसरीवर लादलेला हुकूम होता. जुन्या पुण्यात पाणवठ्यावर, देवळात, पंक्तीत जे नियम होते ते असेच होते, आणि "पूर्वापार चालत आलंय" हे त्यांचं एकमेव समर्थन होतं. पूर्वापार असणं हा एपिक्युरसच्या हिशेबात पुरावाच नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्याने लिफ्टचे पैसे का द्यायचे?

हा वाद मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्याला स्वतंत्र उत्तर हवंच.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टची देखभाल आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, लिफ्ट वापरा अगर न वापरा. पाण्याचा आकार मात्र घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून ठरतो. म्हणजे एकाच नियमावलीत एक खर्च वापराच्या अंदाजाने वाटलाय आणि दुसरा सरसकट.

तळमजल्यावरचे काका म्हणतात, "मी लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही." खरं आहे. त्यांना "तुम्हाला समाजभावना नाही" असं म्हणणं म्हणजे भांडण पेटवणं. एपिक्युरसच्या पद्धतीने त्यांना हिशेब दाखवावा लागतो : या करारातून तुम्हाला काय मिळतं? चौथ्या मजल्यावरच्या सभासदाच्या वाट्यालाही तळमजल्यावरच्या ड्रेनेजच्या दुरुस्तीचा खर्च येतो. तुमच्या दारासमोरच्या पेव्हर ब्लॉकचा येतो. प्रत्येकाने आपापल्या वापरापुरतंच द्यायचं म्हटलं, तर प्रत्येक पाइपवर आणि प्रत्येक दिव्यावर नवा वाद उभा राहील, आणि त्यात सगळ्यात आधी एकटा पडेल तो तळमजला. सरसकट वाटणी ही रोजच्या मोजमापाच्या कटकटीतून सगळ्यांची सुटका करते, तो तिचा उपयोग आहे.

हा हिशेब मांडून मात्र बघायला हवा. एखाद्या इमारतीत तळमजल्याला खरोखरच काही परत मिळत नसेल, ड्रेनेज तुंबलं की कमिटी "तुमचं तुम्ही बघा" म्हणत असेल, तर काकांची तक्रार रास्त आहे. करार एकाच बाजूने पाळला जातोय आणि पैसे मात्र दोन्हीकडून घेतले जातायत.

आमच्याकडे "पहिला येईल त्याची जागा" हा पार्किंगचा नियम तीस वर्षं आहे. आता नवीन लोक भांडतात. जुना नियम चूक होता का?

चूक नव्हता, आणि म्हणूनच ३८वं वचन इतकं मोलाचं आहे. ते म्हणतं की परिस्थिती बदलली आणि पूर्वी न्याय्य असलेला नियम उपयोगी राहिला नाही, तर तो उपयोगी होता तोवर न्याय्य होता आणि नंतर राहिला नाही.

या एका वाक्याने कितीतरी जुन्या सभासदांचा राग शांत होऊ शकतो. त्यांना वाटतं, नियम बदला म्हणणारे आपल्याला तीस वर्षं अन्यायी होतात असं म्हणताहेत. तसं कोणी म्हणत नाही. घरटी एक स्कूटर आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये मिळून दोन गाड्या होत्या तेव्हा त्या नियमाने कोणाचंच काही बिघडत नव्हतं. आता घरटी गाडी आहे, आणि जो साडेनऊला कामावरून येतो त्याला रोज गल्लीबाहेर गाडी लावून चालत यावं लागतं. ज्यांची गाडी महिनोन्‌महिने कव्हर घालून उभी असते, त्यांची जागा कायम. नियमाचे शब्द तेच आहेत, पण त्याचा भार आता एकाच गटावर पडतोय.

पुण्यातल्या रस्त्यांवरची पी-१, पी-२ ची पद्धत डोळ्यांसमोर आणा. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला. पुण्याबाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटते, पण गैरसोय आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या वाट्याला येते. सोसायटीतही पाळीपाळीने जागा देता येते, चिठ्ठ्या टाकता येतात. कुठली पद्धत घ्यायची ते एपिक्युरस सांगणार नाही, ते तिथल्या लोकांनीच बघायचं.

गणपतीतला ढोल-ताशा : हा आनंदाचा प्रश्न की इजेचा?

दोन्ही. आणि ज्यांना यातली एकच बाजू दिसते त्यांच्याशी माझं पटत नाही.

३६वं वचन म्हणतं की न्यायाची मूळ कल्पना सगळ्यांसाठी एकच असली, तरी जागा आणि परिस्थिती बदलली की न्याय्य गोष्ट बदलू शकते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर ढोल वाजणं आणि जुलैच्या एखाद्या मंगळवारी रात्री नदीकाठच्या इमारतींसमोर चाळीस ढोलांचा सराव चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिरवणुकीत मीही तासन्‌तास उभा राहिलोय. कसबा गणपती मंडईपासून निघतो तेव्हाचा पहिला ठेका छातीत वाजतो, आणि ज्यांनी तो अनुभवलाय त्यांना "बंद करा" म्हणणं का लागतं ते मला समजतं. पण दारं-खिडक्या लावून, कानात कापूस घालून बसलेल्या हृदयविकाराच्या रुग्णालाही ते दिवस काढायचे असतात.

देशातल्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये (सन २०००) हाच विचार दिसतो. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. म्हणजे वर्षभराच्या शांततेच्या बदल्यात मोजके दिवस मोकळे. एपिक्युरसला हा सौदा ओळखीचा वाटला असता. पण तो दोन्हीकडून पाळला गेला पाहिजे. मोकळे दिवसही घ्यायचे आणि उरलेल्या दिवसांत सरावही हवा तेव्हा, हवा तिथे करायचा, तर सौदा मोडला. आणि वर्षभर शांतता मिळूनही विसर्जनाच्या दिवशी पोलिसांना फोन करायचा, तरीही तो मोडलाच.

कोणी बघत नसेल तर नो एंट्रीतून गेलो तर काय बिघडलं?

प्लेटोच्या संवादात अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट येते : पकडलं जाण्याची शक्यताच नसेल, तर माणूस न्यायाने का वागेल? एपिक्युरसचं ३४वं आणि ३५वं वचन याला उत्तर देतं. अन्याय ही गोष्ट स्वतःहून वाईट नाही, त्यासोबत येणारी भीती वाईट आहे. आणि दहा हजार वेळा सुटलात तरी पुढेही सुटाल याची खात्री मरेपर्यंत मिळत नाही. आणखी एका वचनात तो म्हणतो की शेजाऱ्याला कळलं तर आपल्याला भीती वाटेल, असं आयुष्यात काही करू नये.

हे उत्तर मला अर्धंच पटतं. पुण्यात नो एंट्रीतून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती शोधून सापडत नाही. चौकात मामा नाहीत एवढं बघितलं की झालं. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यांनी आणि मोबाइलवर येणाऱ्या ई-चलनाने त्यात थोडा फरक पडला, आणि तो एपिक्युरसच्या बाजूने पडला हेही खरं. तरी माझ्या मते इथे ३१व्या वचनाकडे परत जावं. समोरून येणारी बाई तिकडे न बघता वळते, कारण त्या दिशेने कोणी येणार नाही असं आपल्या सगळ्यांचं ठरलंय. तिच्या त्या विश्वासावर तुम्ही गाडी घातली. अपघात झाला नाही हा योग.

भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत. एपिक्युरस कोणाच्या बाजूने?

कुत्र्यांच्या बाजूने तर नाहीच. ३२वं वचन म्हणतं की जे प्राणी करार करू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत न्याय आणि अन्याय हे शब्दच लागू होत नाहीत. हे मला रुक्ष वाटतं आणि अपुरंही. मुक्या जिवावर गरम पाणी ओतणाऱ्याला "अन्याय केला नाहीस" एवढं सांगून मी थांबणार नाही. न्यायाच्या पलीकडे करुणा असते, आणि तिला कराराची गरज लागत नाही.

पण भांडणापुरतं बघितलं तर हे वचन एक चांगलं काम करतं. ते दाखवतं की वाद माणसामाणसांत आहे. खायला घालणाऱ्या ताई आणि पहाटे दूध आणायला निघालेले आजोबा, यांच्यात करार व्हायला हवा. २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम याच वाटेने जातात : खायला घालायची जागा ठरवा, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करायच्या दारापासून लांब ठेवा, वेळ ठरवा. ताईंनी जागा पाळायची, उरलेलं खाणं उचलायचं, नसबंदी आणि लसीकरणाला मदत करायची. बाकीच्यांनी त्या जागेवर जाऊन भांडी लाथाडायची नाहीत. मी पाहिलेल्या भांडणांत बहुतेकदा जागाच ठरलेली नव्हती, आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या दयाबुद्धीवर भाषणं देत होत्या.

कामवाल्या मावशींनी कमी पगार स्वतः मान्य केला. मग तो न्याय्यच ना?

मान्य केला की नाकारायची सोय नव्हती? एपिक्युरसचा करार दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा असतो. एका बाजूला फक्त "नाहीतर उपाशी" एवढाच पर्याय असेल, तर "मान्य" या शब्दात काही जीव नाही.

या शहराला याचा अनुभव आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. तोवर पगार, खाडे, आजारपण, सगळं घरच्या मालकिणीच्या मर्जीवर होतं. एकट्या मोलकरणीला करार करता येत नव्हता, शंभर जणींना मिळून करता आला. घरकामगारांसाठी राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा यायला मात्र २००८ उजाडलं.

घरापुरतं करायचं तर महिन्याच्या सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, पाहुणे आले की जास्तीच्या कामाचे पैसे, आपण गावाला गेलो तर पगार चालू की बंद, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या. आमच्याकडे ते फ्रीजवर लावलेल्या कागदावर आहे, आणि त्यातली निम्मी कलमं मावशींनी सांगितलेली आहेत.

घरातल्या वादांनाही हे लागू होतं का? भाऊ अमेरिकेत, आईवडील आमच्याकडे.

कोथरूडपासून औंधपर्यंत किती घरांत हे चालू असेल! इथे जपून चालावं लागतं. आईवडिलांना सांभाळणं हा सौदा नव्हे, आणि एपिक्युरसही तसं म्हणत नाही. आईवडिलांबद्दल त्याला वाटणारी कृतज्ञता आणि भावांशी त्याचं उदार वागणं याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. मृत्युपत्रात त्याने आपल्या आधी गेलेल्या मित्राच्या मुलांचीही व्यवस्था लावून ठेवली.

पण भावंडांमध्ये एक करार असतोच, फक्त तो कधी कोणी तोंडाने बोललेला नसतो. एकाला वाटतं, "मी पैसे पाठवतो, म्हणजे माझं झालं." दुसरीला वाटतं, "रात्री तीनला बाबांना बाथरूमला मी नेते, त्याचा हिशेब कोण करणार?" प्रेमाबद्दल भांडण्यापेक्षा हे बोला : डॉक्टरांकडे कोण नेतं, वर्षातून किती आठवडे दुसरा येऊन राहतो, रात्रीची आया ठेवायची तर पैसे कोण देणार, आणि जो सांभाळतो त्याला सुट्टी कधी. ही यादी थंडपणाची वाटते. पण ती नसते तेव्हा जो जवळ असतो तो थकतो, आणि त्याचा राग शेवटी आईवडिलांवर निघतो. त्यांचंही मत विचारा. कराराच्या मधोमध तेच आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांच्याशीच सगळ्यात शेवटी बोललं जातं.

हे सगळं फार स्वार्थी नाही का?

स्वार्थापासून सुरुवात होते खरी. पण रोमन कवी लुक्रेशियस, जो एपिक्युरसचाच अनुयायी, माणसांच्या पहिल्या करारांचं वर्णन करताना सांगतो की शेजाऱ्यांनी इजा न करण्याची मैत्री केली तेव्हा त्यांनी बायकामुलांसाठी अभय मागितलं. दुबळ्यांवर सगळ्यांनी दया करावी हे रास्त आहे, असं तुटक्या बोलीत आणि खुणांनी सांगितलं. तिथे हिशेब आणि माया वेगळी काढता येत नाही.

समोरचा काहीच पाळायला तयार नसेल तर?

३९व्या वचनात याला चांगलं उत्तर आहे : ज्यांना आपलं करता येईल त्यांना आपलं करावं, ज्यांना नाही त्यांना निदान परकं करू नये, आणि जिथे तेही जमत नाही तिथे संबंध टाळावा. म्हणजे आधी चहाला बोलवा. नाही जमलं तर कमिटीकडे लेखी द्या, पुढे उपनिबंधकांकडे जा, पण जिन्यात भेटल्यावर मान हलवायची सोडू नका. आणि जिथे प्रत्येक भेट शिवीगाळीवर जाते, तिथे बोलणं फक्त कागदावर ठेवा.

मीटिंगमध्ये एपिक्युरसचं नाव घ्यायचं का?

कशाला? त्याचे प्रश्न विचारा, पुरे. कोणाला इजा होते, कोणाला विचारलं नाही, आणि हा नियम कशासाठी केला होता. आणखी एक गोष्ट आग्रहाने सुचवतो. कुठलाही नवा नियम करताना ठरावात कारण लिहा आणि पुनर्विचाराची तारीख घाला : "घरटी एक गाडी धरून हा नियम केला आहे. पुढच्या वार्षिक सभेत तपासावा." दहा वर्षांनी कमिटीवर येणाऱ्यांना मग आपल्या मनात काय होतं याचा अंदाज बांधावा लागणार नाही, आणि नियम बदलला म्हणून कोणाचा अपमानही होणार नाही.